भाड्याच्या घरातला कुत्र्या-मांजरांचा वास: एन्झाइम क्लीनर, यूव्ही टॉर्च आणि एक 'डीप क्लीनिंग' सर्व्हिस, तिन्हींचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग सविस्तर लिहिते, कारण हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांना घाई असणार, महिनाअखेरीला घर सोडायचंय आणि डोक्यावर डिपॉझिटचं टेन्शन आहे. एन्झाइम क्लीनर (वासाची घाण तोडणारी एन्झाइम असलेला द्रव) नक्की घ्या, पण तो भरपूर ओतायची आणि भरपूर वेळ द्यायची तयारी ठेवून घ्या. यूव्ही टॉर्च (अतिनील प्रकाशाचा, डाग शोधायला) क्लीनरच्याही आधी घ्या. आणि 'पेट ओडर रिमूव्हल' म्हणून जी डीप क्लीनिंगची सर्व्हिस विकतात ती नीट प्रश्न विचारल्याशिवाय बुक करू नका. आमचा अनुभव वाईट आहे, कंपनीचं नाव देत नाही पण काय झालं ते खाली लिहिलंय. क्लीनरच्या ब्रँडचंही नाव देत नाहीये, कारण लेबल कसं वाचायचं हे कळलं की बरेच ब्रँड चालतात, आणि चुकीच्या जागी ओतला तर कुठलाच चालत नाही.

थोडी पार्श्वभूमी. आमचा एक फ्लॅट भाड्याने असतो. मागच्या भाडेकरूंकडे एक म्हातारा कुत्रा आणि एक बोका होता. माणसं खूप चांगली, प्राण्यांवर जीव टाकणारी, पण कुत्र्याचं वय झालं होतं, शेवटी शेवटी त्याला शू धरवत नव्हती, आणि जिथे जिथे तो करायचा तिथे बोका येऊन आपलंही फवारून जायचा. ते लोक रोज पुसायचे, घर दिसायला चकाचक होतं. तरी ते गेल्यावर घर थोडे दिवस बंद राहिलं आणि तेवढ्यात वास असा साठला की कोणी बघायला आलं की दारातूनच मागे फिरायचं. माझ्या स्वतःच्या घरात मांजरं आहेत, त्यामुळे 'प्राणीवाल्यांना घरच देऊ नका' या मताची मी कधीच नाही आणि होणारही नाही. उलट मला मनापासून वाटतं की हा वास काढता येतो हे घरमालकांना कळलं तर प्राणी असलेल्या लोकांना घरं मिळणं सोपं होईल, आणि घर मिळत नाही म्हणून कोणाला कुत्रा नाहीतर मांजर सोडून द्यायची वेळ येणार नाही. एवढं लांबलचक लिहायचं कारण तेच आहे.

वास नेमका कशाचा येतो ते आधी समजून घ्या, त्याने निम्मं काम होतं. ताज्या शूला फारसा वास नसतो. तिच्यात युरिया असतो, फरशीवरचे आणि कापडातले बॅक्टेरिया त्या युरियाचा अमोनिया करतात, म्हणून ओला डाग तसाच राहिला की काही वेळाने तो डोळ्यांत झोंबणारा वास सुरू होतो. मांजरांचं प्रकरण याच्या पुढचं. त्यांच्या लघवीत फेलिनीन नावाचं गंधक असलेलं एक अमिनो ॲसिड असतं, ते हळूहळू तुटत जातं आणि थायॉल प्रकारची, म्हणजे गंधकाची उग्र वासाची संयुगं तयार होतात, बोक्याचा म्हणून जो उग्र वास आपण ओळखतो तो यांचा. 2006 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की मांजराच्या मूत्रपिंडात तयार होऊन लघवीत उतरणारं कॉक्सिन नावाचं प्रोटीन हे फेलिनीन तयार होण्याच्या कामात असतं, आणि न्यूटर (नसबंदी) न केलेल्या बोक्यात या दोन्हींचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं. म्हणजे बोका वेळेत न्यूटर केलेला असेल तर वास मुळातच कमी आणि फवारणंही बहुतेक वेळा बंद किंवा खूप कमी होतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तरी हे टाळू नये.

आता बाटल्यांवरच्या एका दाव्याबद्दल. जवळपास प्रत्येक बाटलीवर 'युरिक ॲसिडचे क्रिस्टल फोडतो' असं मोठ्या अक्षरात असतं. पण कुत्र्या-मांजरांच्या शरीरात युरिकेज नावाचं एन्झाइम असतं, माणसात ते काम करत नाही, आणि ते युरिक ॲसिडचं बहुतेक सगळं ॲलनटॉइनमध्ये बदलून टाकतं, जे पाण्यात त्यामानाने सहज विरघळतं. ठळक अपवाद म्हणजे डाल्मेशियन, त्या जातीच्या लघवीत युरिक ॲसिड खरंच जास्त असतं आणि त्याचे खडेही होतात. त्यामुळे फक्त त्या एका वाक्यावर भुलून बाटली निवडू नका. लेबलवर मी बघते ते असं: त्यात नुसती एन्झाइम आहेत की जिवंत बॅक्टेरियाही आहेत (बहुतेक बॅसिलस जातीचे असतात, ओलावा मिळाला की ते तिथेच राहून एन्झाइम सोडत राहतात आणि घाण खात राहतात), एक्स्पायरी किंवा निदान बनवल्याची तारीख आहे का, किती वेळ ओलं ठेवायचं हे स्पष्ट लिहिलंय का, आणि सुगंध किती घातलाय. भडक सुगंधाची बाटली मी घेत नाही. वास गेला की झाकला गेला हे कळायला नाक मोकळं लागतं, आणि मांजरांनाही तो सुगंध सहन होत नाही.

टॉर्चकडे येते, कारण या सगळ्या प्रकरणात पैसे वसूल झालेली वस्तू ही आहे. सुकलेली लघवी अतिनील प्रकाशात फिकट पिवळसर-हिरवी चमकते. यासाठीचा दिवा नवा नाही, रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञाने 1903 मध्ये दिसणारा प्रकाश अडवून अतिनील तेवढा जाऊ देणारी काच तयार केली, त्यावरून त्याला वुड्स लॅम्प म्हणतात, आणि मांजराला गजकर्ण झालंय का हे बघायला व्हेट (प्राण्यांचे डॉक्टर) आजही तोच दिवा वापरतात. बाजारात टॉर्च दोन प्रकारचे मिळतात, 395 नॅनोमीटर आणि 365 नॅनोमीटर (हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप). 395 वाले स्वस्त असतात पण त्यांचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका पडतो की फिकट डाग त्यात बुडून जातात. 365 वाला घ्या, फरक पहिल्याच खोलीत कळतो. फक्त डोळ्यांवर मारू नका, आणि पोरांच्या हातात खेळायला देऊ नका.

रात्री पूर्ण अंधार करायचा, पडदे ओढायचे, डोळ्यांना थोडा वेळ द्यायचा आणि मग जमिनीलगत तिरका उजेड मारत हळूहळू पुढे जायचं. आमच्याकडे जे दिसलं त्याने सगळा प्लॅनच बदलला. आम्हाला वाटत होतं वास हॉलमधल्या कार्पेटचा आहे, कारण तिथे उभं राहिलं की जास्त यायचा. कार्पेटवर डाग होते, पण खरी जागा बेडरूमच्या दारामागे निघाली. भिंतीवर साधारण मांजराच्या शेपटीच्या उंचीपासून बारीक बारीक ओघळ खाली आलेले, एकावर एक, जुने फिकट नि त्यावर नवे ठळक, आणि सगळे जाऊन मिळाले होते स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीच्या, वरच्या फटीत. दिवसा त्या भिंतीवर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. स्कर्टिंग एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) होतं, खालची कड फुगलेली, बोटाने दाबली तर भुसा पडत होता. दार कायम उघडं असायचं त्यामुळे त्याच्या मागे कोणाचं फडकं कधी पोचलंच नव्हतं. तोपर्यंत घरात जे काही फवारलं गेलं होतं ते सगळं हॉलमध्ये, म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

एक मात्र लक्षात ठेवा, जे चमकेल ते सगळं लघवीच असेल असं नाही. कपड्यांच्या पावडरमधले उजळवणारे घटक चमकतात, काही गोंद चमकतात, सांडलेली पेयं चमकतात. म्हणून डाग दिसला की खाली वाकून वास घ्यायचा, खात्री झाली की मास्किंग टेपने कडा आखून ठेवायच्या, कारण लाइट लावला की तुम्हाला जागा सापडणार नाही. मी त्यावर 'जुना', 'नवा', 'शंका' असं पेनने लिहून ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी काम करताना त्याचा फार उपयोग झाला.

आता क्लीनर कसा वापरायचा, लोकांचे वाईट रिव्ह्यू बहुतेक याच मुद्द्यावर असतात. 'फवारला, पुसला, वास तसाच' अशी तक्रार सगळीकडे दिसते. फवारून पुसल्यावर तसाच राहणार, दुसरं काय होणार? एन्झाइम ओल्यात काम करतं, सुकलं की थांबतं, आणि लघवी जिथपर्यंत मुरलीय तिथपर्यंत तो द्रव पोचला नाही तर खालचा थर जसाच्या तसा. आमच्या कार्पेटवर वरून वाटीएवढा दिसणारा डाग, कोपरा उचलून बघितलं तर खालच्या फोमवर ताटाएवढा पसरलेला. स्प्रेच्या चार फुसक्यांनी तिथे काय पोचणार. म्हणून स्प्रेचं झाकण काढून सरळ ओतायचं, दिसणाऱ्या डागाच्या कडेच्या बाहेरपर्यंत, आणि खालचा थर भिजेपर्यंत. मग वर प्लास्टिकचा कागद पसरून कडांना वजन ठेवायचं म्हणजे हवेने सुकत नाही, आणि लेबलवर लिहिलेला पूर्ण वेळ, जुना डाग असेल तर रात्रभर किंवा अख्खा दिवस तसंच ठेवायचं. नंतर जुना टॉवेल दाबून टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि पंख्याखाली सुकू द्यायचं, हीटर नाही.

या मधल्या वेळात वास आधीपेक्षा वाढतो. घाबरू नका, सुकलेला डाग पुन्हा ओला झाला की त्यातला वास हवेत उठतोच, दमट हवेत गेलेला वास परत येतो त्याचंही कारण हेच. बरेच जण नेमके याच टप्प्यावर हात टेकतात आणि बाटलीला एक स्टार देऊन मोकळे होतात. पूर्ण सुकू द्या, मग ठरवा. जुन्या डागाला एकाहून जास्त वेळा करावं लागतं, आमच्या कार्पेटलाही लागलं, पण गेला. खरंच गेला. फोमचा एक तुकडा मात्र कापून फेकला आणि तेवढा नवीन घातला, कारण तो आतपर्यंत कुजला होता.

टाइल्सवर काम सोपं, पण टाइल्सच्या सांध्यांकडे बघा. टाइल काही पीत नाही, सांध्यातलं सिमेंट पितं. तिथे द्रव ओतून दातांच्या जुन्या ब्रशने आत घालवायचा, वर ओलं कापड टाकून ठेवायचं, आणि सगळं नीट सुकल्यावर ग्राउट सीलर मारायचा म्हणजे पुढच्या वेळी आत मुरणार नाही. गादीत गेलेलं असेल तर खरं सांगते, वरवर असेल तरच मेहनत करा, खोल मुरलेली जुनी गादी वाचवण्यात अर्थ नाही, टाका. कपडे, चादरी, सोफ्याची कव्हरं मशीनमध्ये जातात, धुण्याआधी एन्झाइममध्ये भिजवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत ड्रायरमध्ये गरम करू नका.

एन्झाइम क्लीनर वापरायचाय तर आधी त्या जागी दुसरं काही ओतू नका, हे फार महत्त्वाचं. जंतुनाशकं बाटलीतल्या बॅक्टेरियांनाही मारतात आणि एन्झाइमही बिघडवतात. ब्लीच तर नकोच नको, लघवीतल्या अमोनियाशी त्याची क्रिया होऊन क्लोरामाइन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये फुप्फुसांना त्रास होईल इतका. अमोनिया असलेले काच पुसायचे किंवा फरशीचे क्लीनर वापरले तर प्राण्याच्या नाकाला तो लघवीसारखाच वास येतो आणि तो पुन्हा तिथेच करू शकतो. फिनेल मांजरांच्या घरात आणूच नका, फिनॉल प्रकारची रसायनं शरीराबाहेर टाकायला जे एन्झाइम लागतं ते मांजरांच्या लिव्हरमध्ये नीट नसतं, पंजाला लागलं, चाटलं, की विषबाधा. टी ट्री सारख्या तेलांचंही तसंच, नैसर्गिक म्हणून विकतात म्हणून सुरक्षित समजू नका. व्हिनेगर साध्या टाइलवर ताज्या डागाला बरं आहे, निम्मं पाणी घालून, पण संगमरवरावर नको, तो चुनखडीचाच दगड आहे, आम्लाने त्याची पॉलिश जाते आणि ते डाग मग तुमच्याच नावावर लागतात.

ज्यांना बाटली लगेच मिळत नाही त्यांच्यासाठी एक घरगुती उपाय आहे, तो ऐकीव नाही, त्यामागे नीट केमिस्ट्री आहे. पॉल क्रेबॉम नावाच्या अमेरिकन केमिस्टने 1993 मध्ये स्कंक या प्राण्याच्या वासावर एक मिश्रण प्रसिद्ध केलं: 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण एक लिटर, पाव कप खायचा सोडा आणि चमचाभर लिक्विड सोप. स्कंकचा वासही थायॉलचाच असतो आणि पेरॉक्साइड त्याला ऑक्सिडाइज करून टाकतं, म्हणून बोक्याच्या वासावरही ते चालतं. पण दोन गोष्टी सांभाळा. रंग उडू शकतो, म्हणून कार्पेटच्या किंवा सोफ्याच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर आधी लावून बघा. आणि मिश्रण लागेल तेवढंच करा, उरलेलं बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नका, आत ऑक्सिजन तयार होत राहतो आणि बाटली फुटू शकते. एन्झाइमच्या आधी हे वापरलंत तर पाण्याने टिपून, जागा पूर्ण सुकवून मगच एन्झाइम ओता.

सर्व्हिसचा अनुभव. फोनवर आम्हाला सांगितलं 'शंभर टक्के ओडर रिमूव्हल, गॅरंटीड'. आलेली मुलं मेहनती होती, त्यांना दोष देत नाही, त्यांना जे शिकवलं तेच ती करत होती. पण कोणी विचारलं नाही की डाग कुठे आहेत, कोणी टॉर्च काढला नाही, दारामागे तर कोणी वाकूनही पाहिलं नाही. सरसकट सगळीकडे स्टीम मारली. लघवीच्या डागावर स्टीम म्हणजे उलटा कारभार, उष्णतेने त्यातली प्रोटीन्स धाग्यांत बसून जातात आणि डाग नि वास दोन्ही काढणं अवघड होतं. मग सगळ्या घरात सुगंधी धूर सोडला आणि शेवटी ओझोनचं मशीन लावून गेले. दुसऱ्या दिवशी घरात नुसता सुगंध, आम्ही खूश. पुढच्या दमट दिवशी सुगंध गेला आणि खालून जुनाच वास वर आला, वर स्टीमचा कुबटपणा. फोन केला तर म्हणे 'गॅरंटी फक्त त्याच दिवसाची असते मॅडम'. हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं, आणि मला आजही त्याचा राग आहे.

ओझोनबद्दल जरा जास्त लिहिते कारण ती मशिनं आता सर्रास भाड्याने मिळतात. ओझोन वासाच्या कणांना ऑक्सिडाइज करतो हे खरं, पण तो हवेतून पसरतो, फोमच्या किंवा एमडीएफच्या आत मुरलेल्या डागापर्यंत नीट पोचत नाही. आणि श्वासातून गेला तर फुप्फुसांना घातक आहे. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए स्पष्ट सांगते की माणसाला सुरक्षित असलेल्या पातळीवर ओझोन घरातल्या हवेतली घाण काढायला फारसा उपयोगी पडत नाही. म्हणजे उपयोग होईल इतका सोडायचा तर माणसं, प्राणी, पक्षी, कुंड्या सगळं बाहेर काढावं लागतं, नंतर भरपूर हवा खेळवावी लागते, आणि तरी घरातलं रबर, दारांच्या रबरी पट्ट्या, इलास्टिक हे सगळं त्याने कडक होऊन तडकतं. आमच्या वॉशिंग मशीनच्या पाइपचं रबर मी नंतर बदलून घेतलं.

अशी सर्व्हिस घ्यायचीच असेल तर आधी विचारा: डाग शोधायला काय वापरता, एन्झाइम किती वेळ ओलं ठेवता, कार्पेट उचलून खालचा थर बघता का, वास परत आला तर परत येता का आणि किती दिवसांपर्यंत, आणि ते लिहून देता का. जो माणूस पहिल्याच प्रश्नाला 'आम्ही सगळीकडे करतो' म्हणेल त्याला नाही म्हणा. चांगली माणसंही या कामात आहेत, ती आधी घर बघायला येतात.

दारामागची भिंत आम्ही शेवटी अशी केली. एमडीएफचं स्कर्टिंग काढून फेकलं, फुगलेलं एमडीएफ कशानेही वाचत नाही. मागच्या प्लास्टरवर एन्झाइम मारून पूर्ण सुकू दिलं, मग शेलॅक प्रायमरचे कोट मारले आणि त्यावर रंग. शेलॅक म्हणजे आपली लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. पाण्यातल्या साध्या प्रायमरमधून वास हळूहळू बाहेर येतोच, लाखेचा थर त्याला आत कोंडून ठेवतो. लाकडी फ्लोअरिंगच्या खालच्या प्लायवर किंवा सिमेंटच्या कोब्यावरही हेच चालतं. फक्त आधी साफ करा, मग सील करा, नुसतं वरून सील केलं तर पहिल्या चिरेतून वास येणार. हे मारताना खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळ ज्योत नको, स्पिरिटची वाफ पेट घेते.

लाकडावर काळे पडलेले डाग ही वेगळी गोष्ट, ते लाकडाच्या आत गेलेले असतात, पॉलिश घासून काढल्यावर ऑक्झॅलिक ॲसिडने काही फिके होतात, काही नाही. तिथे सुताराला बोलवा. ओरखड्यांवर थोडक्यातच लिहिते कारण ते सोपं आहे, दाराच्या चौकटीवरचे बोचकारे वुड फिलर भरून, घासून, रंग मिळवून कळतही नाहीत. पुढे होऊ नये म्हणून मांजराला अंग पूर्ण ताणता येईल एवढा उंच, न हलणारा खांब द्या, काथ्या किंवा सायझलचा दोर गुंडाळलेला, आणि तो जिथे ती आत्ता ओरखडते तिथेच ठेवा.

रिकाम्या घरात अजून एक गोष्ट निघते ती पिसवा. प्राणी गेले की पिसवाही गेल्या असं वाटतं, पण त्यांचे कोष फटींमध्ये कित्येक महिने तसेच पडून राहू शकतात आणि कोणी चालायला लागलं की त्या धक्क्याने नि उबेने एकदम बाहेर येतात. म्हणून नवीन माणसं यायच्या आधी व्हॅक्युम, कोपरे, स्कर्टिंगच्या फटी, आणि पिशवी लगेच घराबाहेर. औषध मारून घेणार असाल तर येणाऱ्या भाडेकरूंकडे मांजर आहे का ते आधी विचारा, परमेथ्रिन कुत्र्यांना चालतं पण मांजरांच्या जिवावर बेततं.

टॉर्चचा सगळ्यात मोठा फायदा मला नंतर कळला, तो सफाईचा नाहीच. घर द्यायच्या आधी नवीन भाडेकरू मुलगी आली, तिची दोन मांजरं आहेत, ती स्वतःच म्हणाली, 'काकू, एकदा लाइट बंद करून सगळं बघून घेऊया का, म्हणजे नंतर माझ्या मांजरांवर यायला नको.' मला ते इतकं पटलं. दोघींनी मिळून खोल्या बघितल्या, टॉर्चच्या उजेडात फोटो काढले, ते ॲग्रीमेंटच्या कागदांबरोबर ठेवले. आधीच्या भाडेकरूंचे डाग नवीन माणसाच्या डिपॉझिटमधून कापले जाणं हा सरळ अन्याय आहे आणि तो फार होतो, कारण जुना डाग कोणाचा हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. वापराने होणारी झीज वेगळी, नुकसान वेगळं, आणि ती रेघ कुठे हे दोघांनी आधीच लिहून ठेवलं तर नंतरची भांडणं होत नाहीत. भाडेकरूंनीही हे मागून घ्यावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि प्राणी अचानक घरात शू करायला लागला तर क्लीनरच्या आधी व्हेट. मूत्रमार्गाचा संसर्ग, खडे, मधुमेह, किडनीचा त्रास, कुत्र्याचं म्हातारपण, यातलं काहीही असू शकतं, तो मुद्दाम करत नाही. बोका लिटर बॉक्समध्ये परत परत जाऊन बसतोय आणि काहीच येत नाहीये असं दिसलं तर मूत्रमार्ग अडकलेला असू शकतो, ती इमर्जन्सी आहे, तासाभराचाही उशीर करू नका. एरवी लिटर बॉक्स मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवा, रोज साफ करा, अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात.

रेटिंग: 365 ची टॉर्च पाचपैकी पाच. एन्झाइम क्लीनर चार, एक कापला तो बाटलीवरच्या 'काही मिनिटांत वास गायब' या वाक्यासाठी, त्याने लोक फसतात. ती सर्व्हिस एक. बाटली उरली तर थंड, सावलीच्या कपाटात ठेवा, उन्हातल्या गाडीत किंवा गॅलरीत नको, उष्णतेने एन्झाइम निकामी होतं, आणि पुढच्या वेळी वापरायच्या आधी तारीख बघा.